मुखवट्यासाठी आणि प्रोस्थेटिकसाठी साहित्य निवडताना: लेटेक्स, फोम आणि सिलिकोन

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढील उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. एका नाटकात एका नटाला संपूर्ण डोके झाकणारा राक्षसाचा मुखवटा घालायचा आहे. दुसरा नट मध्यंतरानंतर 30 वर्षांनी म्हातारा झालेला दिसायला हवा. प्रयोग 25 च्या आसपास होतील, आणि या दोन्ही कामांसाठी लेटेक्स घ्यावे, फोम घ्यावा की थोडे पैसे साठवून सिलिकोनकडे वळावे, हे आपले ठरत नाही. माझे मत आधीच सांगतो: ही दोन कामे एकाच साहित्यात बसवण्याचा प्रयत्न करू नये. मुखवटा आणि प्रोस्थेटिक, म्हणजे चेहऱ्यावर चिकटवायचा कृत्रिम तुकडा, यांत मूळचाच फरक आहे. मुखवट्याची कड कॉलरखाली किंवा केसांत लपवता येते. प्रोस्थेटिकची कड उघड्या कातडीवर संपते आणि तिथे ती दिसता कामा नये. साहित्याची निवड बहुतांशी या एका गोष्टीवर ठरते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू, कारण अर्धे नुकसान खरेदीच्या वेळीच होते. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तो गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला असतो आणि बाटली उघडताच नाकात जाणारा वास त्याचाच असतो. परंतु बाजारात लेटेक्स या एकाच नावाखाली निरनिराळी द्रव्ये मिळतात. रंगभूषेचे लेटेक्स पातळ असते, त्यात अमोनिया कमी असतो आणि ते थेट त्वचेवर लावण्यासाठी बनवलेले असते. मुखवट्याचे लेटेक्स साच्यात ओतण्यासाठी असते. त्यात बहुधा भर घालणारी पूड मिसळलेली असते, त्यामुळे ते वाळल्यावर जाड, घट्ट आणि आकार धरून ठेवणारे होते. हे दुसरे लेटेक्स चेहऱ्यावर लावू नये. फुग्यासारखे पातळ आणि ताणले जाणारे, भर न घातलेले तिसरे लेटेक्स असते. त्याचा मुखवटा केला तर तो डोक्यावर ओल्या कापडासारखा लोंबतो. काही ठिकाणी भिंतीच्या रंगालाही लेटेक्स म्हणतात. त्यात झाडाचा चीक नसतो आणि त्याचा या कामी उपयोग नाही.

फोमचेही तसेच आहे. फोम लेटेक्स म्हणजे लेटेक्सच फेसाळून, साच्यात भरून, भट्टीत भाजलेला अतिशय मऊ स्पंज. पॉलीयुरेथेन फोम म्हणजे दोन द्रव एकत्र करताच आपोआप फुगणारा फोम. गादीचा स्पंज आणि ईव्हीए फोमची पत्री हे तयार मिळणारे आणि कापून, चिकटवून वापरायचे प्रकार. या चौघांत नावाखेरीज फारसे साम्य नाही. म्हणून दुकानात जाऊन नुसता "फोम द्या" म्हणणाऱ्याच्या हाती काय पडेल याची खात्री देता येत नाही.

आता राक्षसाच्या मुखवट्याकडे येऊ. आपल्याकडे मातीचे शिल्प तयार असेल, तर त्यावर प्लॅस्टरचा दोन भागांचा साचा घ्यावा आणि त्यात मुखवट्याचे लेटेक्स ओतावे, ही पद्धत माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत योग्य आहे. प्लॅस्टरच्या सूक्ष्म छिद्रांतून लेटेक्समधले पाणी शोषले जाते आणि साच्याच्या आतल्या बाजूला रबराचा थर धरू लागतो. या कारणासाठीच साच्याच्या आत तेल, व्हॅसलीन किंवा मेण लावू नये. ते लावले की छिद्रे बुजतात आणि थर धरतच नाही.

साचा उलटा ठेवून, पट्ट्यांनी घट्ट आवळून, मानेच्या बाजूने लेटेक्स सावकाश ओतावे. आधी थोडेसेच ओतून साचा चारी बाजूंनी फिरवावा, म्हणजे नाकाच्या टोकात आणि कानांच्या पाळ्यांत हवा अडकून राहत नाही. मग मानेपर्यंत भरावे. काही वेळाने पातळी खाली गेलेली दिसेल; तेवढे लेटेक्स वरून पुन्हा घालावे. थर किती धरला हे घड्याळावर ठरवू नये, कारण साचा किती कोरडा आहे आणि हवेत दमटपणा किती आहे यावर तो वेळ बदलतो. मानेच्या काठाशी काडीने थर किंचित सोडवून पाहावा. 2 ते 3 मिलिमीटर जाडी पुरेशी असते. उरलेले लेटेक्स गाळून पुन्हा बाटलीत भरता येते. साचा निथळू द्यावा आणि पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे किमान एक दिवस, हात लावू नये. काढताना टाल्कम पावडर आणि मऊ ब्रश जवळ असलेच पाहिजेत. लेटेक्सचा थर जसजसा सुटत जाईल तसतशी त्यावर पावडर फिरवत जावे, कारण ताज्या लेटेक्सचे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटले तर ते सुटत नाहीत. एका दुमडलेल्या कानासाठी सबंध मुखवटा टाकून द्यावा लागल्याचे मी पाहिले आहे.

दोन गोष्टी शिल्प करतानाच लक्षात घ्याव्यात. लेटेक्स वाळताना आकसते. साधारण 5 ते 10 टक्के आकसणे गृहीत धरून शिल्प नटाच्या डोक्यापेक्षा मोठे करावे. दुसरी गोष्ट म्हणजे श्वास आणि दृष्टी. नाकपुड्या, तोंड आणि भुवयांखालच्या सावल्या यांत भोके लपवता येतील अशा जागा शिल्पातच ठेवाव्यात, नंतर कात्रीने शोधत बसू नये.

कित्येक मुखवटे रंगमंचावर निर्जीव दिसतात, आणि त्याचे कारण साहित्यात कमी आणि आतल्या बसवणीत जास्त असते. पोकळ मुखवटा डोक्यावर डुलतो आणि नटाचा जबडा आत वेगळाच हलत राहतो. यावर उपाय म्हणून आतून कपाळ, गालाची हाडे आणि हनुवटी या ठिकाणी स्पंजचे तुकडे चिकटवून मुखवटा चेहऱ्याला नेमका टेकेल असा करावा. हनुवटीचा तुकडा नीट बसला की बोलताना मुखवट्याचे तोंडही हलू लागते. स्पंज उघड्या छिद्रांचा असावा, म्हणजे त्यातून हवा खेळते. मानेच्या आणि डोळ्यांच्या काठांना आतून लेटेक्समध्ये भिजवलेल्या पातळ सुती कापडाच्या पट्ट्या लावाव्यात, कारण 25 प्रयोगांत मुखवटा फाटलाच तर तो तिथेच फाटेल.

राक्षसाचे डोके फार मोठे असेल, म्हणजे शिंगे, सुळे, रुंद कपाळ असा विस्तार असेल, तर एवढ्या आकाराचा लेटेक्सचा मुखवटा स्वतःच्या वजनाने खचतो. अशा वेळी गादीचा स्पंज कात्रीने आणि धारदार सुरीने कापून, कॉन्टॅक्ट सिमेंट या गोंदाने जोडून डोके घडवावे आणि वरून लेटेक्सचे पातळ थर द्यावेत. शिंगांसाठी ईव्हीए फोम उत्तम. गरम हवेच्या गनने त्याला वाक देता येतो आणि वजन नगण्य राहते. कॉन्टॅक्ट सिमेंटची वाफ आणि तापलेल्या ईव्हीएचा धूर दोन्ही घातक आहेत, तेव्हा हे काम मोकळ्या हवेत आणि योग्य गाळणी असलेला श्वसनमास्क लावूनच करावे. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

पॉलीयुरेथेन फोमबद्दल मी थोडा सावध आहे. साच्यात आधी लेटेक्सची कातडी धरवून मागे हा फोम भरला तर हलके, भरीव अवयव मिळतात: कुबड, पोट, छाटलेला हात. परंतु त्याच्या द्रवातील आयसोसायनेट या रसायनामुळे श्वसनमार्गाची कायमची संवेदनशीलता निर्माण होऊ शकते, आणि ती एकदा आली की अगदी अल्प वाफेनेही दम्यासारखा त्रास होतो. शिवाय लेटेक्स पूर्ण वाळलेले नसेल तर आतले पाणी आयसोसायनेटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि फोममध्ये मोठ्या पोकळ्या पडतात. चेहऱ्याला थेट लागणाऱ्या भागासाठी मी हा फोम वापरत नाही.

म्हातारपणाचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. प्रोस्थेटिक म्हटले की फोम लेटेक्सचे नाव निघते, आणि ते योग्यही आहे. 1930 च्या दशकापासून हॉलिवूडमध्ये हे साहित्य चेहऱ्यांवर वापरले जात आहे. ते वजनाला अतिशय हलके असते, स्नायूंबरोबर हलते आणि त्यात हवा असल्याने चेहऱ्याला सोसवते. अमेरिकन रंगभूषाकार डिक स्मिथ यांनी संपूर्ण चेहऱ्याचा एकच तुकडा करण्याऐवजी एकमेकांवर किंचित चढणारे अनेक लहान तुकडे वापरण्याची पद्धत रुजवली. मागाहून आलेल्या रंगभूषाकारांनी ती उचलली, कारण लहान तुकडा हलत्या चेहऱ्यावर कमी ताणला जातो आणि त्याची कड सुटत नाही.

मात्र फोम लेटेक्स करणे म्हणजे जवळपास बेकरीचे काम आहे, आणि बेकरीइतकीच शिस्त मागते. साधारण प्रमाण 150 ग्रॅम मूळ लेटेक्सला 30 ग्रॅम फेस आणणारा घटक आणि 15 ग्रॅम गंधकयुक्त पक्व करणारा घटक असे असते. हे मिक्सरमध्ये फेटून कित्येक पट फुगवतात, मग वेग कमी करून मोठे बुडबुडे मोडतात आणि अमोनिया उडू देतात, आणि शेवटी गोठवणारा घटक घालतात. तो घातला की मोजक्या मिनिटांत फेस साच्यात भरून साचा बंद करावा लागतो. अमोनिया कमी उडाला असेल तर फेस गोठत नाही आणि खाली बसतो. जास्त उडाला असेल तर भांड्यातच गोठतो. दमट दिवशी जे गणित बसते ते कोरड्या दिवशी बसत नाही. म्हणून मी प्रत्येक वेळी खोलीचे तापमान, हवेतली आर्द्रता आणि फेटण्याच्या प्रत्येक टप्प्याची मिनिटे वहीत लिहितो, आणि जो कोणी हे काम शिकू इच्छितो त्याला ती वही पहिल्या दिवसापासून ठेवायला सांगतो. साचा नंतर साधारण 85 अंश सेल्सियसला काही तास भाजावा लागतो आणि हळूहळू थंड होऊ द्यावा लागतो, नाहीतर तो तडकतो. गोठवणारा घटक सोडियम सिलिकोफ्लोराइड असतो आणि तो विषारी आहे. ज्या ओव्हनमध्ये फोम भाजला त्यात पुन्हा अन्न शिजवू नये. घरातला ओव्हन या कामाला मुळीच वापरू नये.

एवढे करूनही फोम लेटेक्सचा तुकडा एकदाच वापरता येतो. काढताना त्याच्या कागदाहून पातळ कडा फाटतात आणि त्या कडांसाठीच तर आपण ते केलेले असते. म्हणजे 25 प्रयोगांना 25 संच. सिलिकोनच्या मऊ तुकड्यांचेही असेच आहे. ते आतून जेलीसारखे मऊ आणि बाहेरून पातळ प्लॅस्टिकच्या आवरणात असतात. ते आवरण कडेला द्रावकाने विरघळवून कातडीत मिसळवतात, त्यामुळे तो तुकडाही सहसा पुन्हा वापरात येत नाही. सिलिकोनचा मोठा गुण म्हणजे प्रकाश त्यात थोडा आत शिरतो, जसा खऱ्या त्वचेत शिरतो. फोम लेटेक्स अपारदर्शक असल्याने ती जिवंत झाक रंगानेच आणावी लागते. कॅमेरा चेहऱ्याच्या वीतभर अंतरावर येणार असेल तर मी सिलिकोनच सुचवेन. पण तो गुण रंगमंचापासून पाचव्या रांगेतही जाणवत नाही. वजन मात्र नटाला दोन तास जाणवते, आणि घाम शोषला न जाता तुकड्यामागे साचतो.

म्हणून आपल्या नाटकासाठी माझा सल्ला साधा आहे. नाक आणि फार तर डोळ्यांखालच्या पिशव्या एवढेच तुकडे करावेत, आणि तेही साध्या लेटेक्सचे. प्लॅस्टरच्या छोट्या साच्यात लेटेक्स ब्रशने लावावे. मध्यभागी तीन-चार थर, कडेकडे जाताना प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा बाहेर पसरवत शेवटी एकच पातळ थर उरेल असे करावे. असे पोकळ लेटेक्सचे नाक काळजीपूर्वक काढले तर अनेक प्रयोगांना पुरते, आणि एका साच्यातून संध्याकाळभरात दोन-तीन तयार होतात. नाक फारसे हलत नाही, त्यामुळे पोकळ तुकडा तिथे खपतो. गालासाठी तो चालणार नाही.

गाल आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांसाठी सुरकुत्यांची जुनी पद्धत वापरावी. दुसऱ्या व्यक्तीने नटाची कातडी बोटांनी ताणून धरायची, त्यावर रंगभूषेचे लेटेक्स स्पंजने टिपत पातळ थर द्यायचा, ड्रायरच्या गार हवेने वाळवायचे, पावडर लावायची आणि मगच कातडी सोडायची. सोडताक्षणी बारीक सुरकुत्यांचे जाळे उमटते, आणि ते नटाच्या स्वतःच्या चेहऱ्याच्या वळणांनुसार उमटते, म्हणून ते खरे दिसते. भुवया, पापण्या आणि दाढीचे केस यांना लेटेक्स लागू देऊ नये. भुवयांना आधी व्हॅसलीन लावून ठेवावे. डोळ्यांजवळ काम करताना अमोनियाने डोळे झोंबतात, तेव्हा डोळे मिटलेले असावेत आणि हवा सतत चालती असावी. मध्यंतर 15 मिनिटांचे असेल तर नाक आणि कपाळ तेवढ्या वेळात होईल, संपूर्ण चेहरा होणार नाही. तालमीत घड्याळ लावून पाहावे.

जिलेटिनचा उल्लेख पुष्कळ जण करतात. ते स्वस्त आहे, पुन्हा वितळवून वापरता येते आणि शिकण्यासाठी फार चांगले आहे. परंतु प्रकाशझोतांच्या उष्णतेत आणि घामात ते मऊ पडून ओघळू लागते. प्रयोगासाठी त्यावर विसंबू नये.

पुढे कधी सिलिकोनकडे वळलात तर एक गोष्ट आधीच माहीत असावी. प्लॅटिनमने पक्व होणाऱ्या, म्हणजे द्रवातून घट्ट होणाऱ्या, सिलिकोनला गंधक सोसत नाही. काही मूर्तिकामाच्या मातीत गंधक असते, लेटेक्सच्या हातमोज्यांत असते, लेटेक्स ओतलेल्या साच्यात राहून जाते. कथिलाने पक्व होणाऱ्या सिलिकोनचा साचाही त्याला चालत नाही. कित्येक वर्षांपूर्वी एका कामासाठी मी गंधक असलेल्या मातीच्या शिल्पावरून साचा घेतला, नीट धुतला असे समजलो, आणि दुसऱ्या दिवशी साचा उघडल्यावर आतला चेहरा वरून चिकट आणि मधासारखा ओला निघाला. तो कधीच पक्का झाला नाही. सबंध आठवड्याचे काम गेले. तेव्हापासून एक बोटभर नमुना त्याच साच्याच्या कोपऱ्यात ओतून पाहिल्याशिवाय मी सिलिकोनचे पूर्ण काम करत नाही.

आता ज्याविषयी मला सर्वांत जास्त आग्रह धरावासा वाटतो ते सांगतो. झाडाच्या चिकातील प्रथिनांची काही लोकांना ॲलर्जी असते. ती अंगावर पित्त उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत जाऊ शकते, आणि वारंवार संपर्काने ती नव्याने निर्माणही होऊ शकते. केळे, ॲव्होकॅडो किंवा किवी खाल्ल्यावर ज्यांच्या तोंडाला खाज सुटते त्यांच्यात ही शक्यता अधिक असते. म्हणून साहित्य विकत घेण्यापूर्वी प्रत्येक नटाला रबरी हातमोजे, फुगे आणि ही फळे यांच्याबद्दल स्पष्ट विचारावे. ज्याने पूर्वी त्रास झाल्याचे सांगितले त्याच्यावर चाचणीही करू नये. त्याला डॉक्टरांकडे पाठवावे आणि आपण लेटेक्सविरहित पर्याय निवडावा. इतरांच्या हाताच्या आतल्या बाजूला लेटेक्स आणि चिकटवण्याचा गोंद यांचे छोटे ठिपके वेगवेगळे लावून दोन दिवस पाहावे. मुखवटा घालणाऱ्या नटाचीही चाचणी घ्यावी. तो चेहऱ्याला चिकटवायचा नसला तरी घामाने भिजलेले रबर तासभर त्याच्या गालाला लागून असणार आहे.

चिकटवण्यासाठी पाण्यावर आधारित ॲक्रिलिक गोंद, उदाहरणार्थ प्रोस-एड, वापरावा. स्पिरिट गम वाळल्यावर कडक होतो आणि हलत्या जागी तडकतो. तो दाढीमिशांसाठी ठीक आहे. तुकडा ओढून काढू नये. गोंद सैल करणारा द्रव, बहुधा आयसोप्रोपिल मायरिस्टेट असलेला, ब्रशने कडेखाली हळूहळू सरकवावा आणि तुकडा आपोआप सुटू द्यावा. नाकाच्या कडा वाचतात त्या इथेच. तो द्रव तेलकट असतो, म्हणून तुकडा सुटताच आतून साबणाच्या पाण्याने धुवावा, वाळवावा आणि पावडर लावून ठेवावा.

रंगाच्या बाबतीत एकच नियम पाळावा: लेटेक्सला खनिज तेल लागू देऊ नये, ते रबर फुगवते आणि कुजवते. साधी तेलकट रंगभूषा थेट लेटेक्सवर चढवू नये. एरंडेल तेलावर बनवलेली खास रंगभूषा मिळते, किंवा प्रोस-एडमध्ये ॲक्रिलिक रंग मिसळून लावावा. हे मिश्रण पॅक्स या नावाने ओळखले जाते आणि तेही डिक स्मिथ यांचीच देणगी आहे. ते रबराबरोबर ताणले जाते आणि सोलत नाही. रंगल्यावर पृष्ठभाग चिकट राहतो, त्यावर पावडर लावावीच लागते.

प्रयोगानंतर मुखवटा आतून ओल्या कापडाने पुसून, वाळवून, आत कागद किंवा जुने कापड भरून ठेवावा, म्हणजे नाक आणि कान दबत नाहीत. ऊन, उष्णता आणि ओझोन रबराला ठिसूळ करतात, म्हणून तो उन्हात किंवा चालू असलेल्या विद्युत मोटरजवळ ठेवू नये. तांबे आणि पितळ यांचाही स्पर्श टाळावा. शिंगे बसवण्यासाठी किंवा पट्टा अडकवण्यासाठी पितळेचे स्क्रू वापरले तर काही महिन्यांत त्यांच्याभोवतीचे लेटेक्स तपकिरी पडून चिकट होऊ लागते. तिथे स्टेनलेस स्टील किंवा प्लॅस्टिक वापरावे. न वापरलेल्या लेटेक्सची बाटली घट्ट बंद करून सावलीत ठेवावी, आणि जिथे ते गोठेल अशा थंडीत ठेवू नये; एकदा गोठून गुठळ्या झालेले लेटेक्स पुन्हा ओतता येत नाही.